कमवा आणि शिका: पण शिकायचं कधी?

(वेंगुर्ले येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पाऊस असूनही इतके जण आलात, बरं वाटलं. मागच्या बाकावर काही विद्यार्थी दिसतायत. त्यांतल्या कुणाला शेवटची एसटी गाठायची असेल तर खुशाल मधेच उठून जा. मला राग येणार नाही. आजचा विषयच तो आहे.

आपल्या महाराष्ट्रात काही वाक्यं अशी आहेत की ती उच्चारली की सगळे माना डोलावतात आणि विचार तिथेच थांबतो. ‘कमवा आणि शिका’ हे त्यातलं एक. गरीब विद्यार्थ्यांचा प्रश्न निघाला, शिक्षणावरचा खर्च कमी होतोय असं कुणी म्हटलं, की सभेत एक जण उठतोच. ‘अहो, कर्मवीरांनी काय सांगितलं? कमवा आणि शिका! पूर्वीची मुलं नाही का राबून शिकली?’ टाळ्या पडतात. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे टाळ्या पडल्या की मला शंका येते. आज या वाक्याची जरा झडती घेऊ या. कर्मवीरांची नव्हे. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. आपण त्यांच्या वाक्याचं काय केलं, त्याची झडती घ्यायची आहे.

आधी भाऊरावांनी नेमकं काय केलं ते पाहू. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू झालं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत ऐकलेलं आहे. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि १९४७ साली साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज. गरिबाच्या मुलानं श्रम करावेत, त्यावर त्याचं राहणं-जेवण-शिकणं व्हावं, ही ती योजना.

आता इथे थांबा. या योजनेत काम कोण देत होतं? संस्था. कुठे? संस्थेच्याच आवारात, शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात. कामाची वेळ कोण ठरवत होतं? तीच संस्था, जी तासांची वेळ ठरवत होती. म्हणजे काम आणि तास यांची टक्कर होऊ नये ही जबाबदारी संस्थेची होती, मुलाची नव्हती. मुलानं फक्त अंग मोडून काम करायचं आणि डोकं लावून शिकायचं. दोन्हींची सांगड घालणं हे मोठ्या माणसांचं काम होतं.

‘कमवा आणि शिका’ मध्ये तीन शब्द आहेत. आपण ‘कमवा’ धरला, ‘शिका’ धरला. मधला ‘आणि’ आपण हरवला. भाऊरावांची खरी करामत त्या ‘आणि’मध्ये होती.

दुसरी गोष्ट. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणणारा हा माणूस सरकारी अनुदान नको म्हणत होता का? मुळीच नाही. १९४८ साली, गांधीहत्येनंतरच्या तापलेल्या वातावरणात, त्यांच्या एका भाषणावरून मुंबई सरकार नाराज झालं आणि रयतचं अनुदान थांबवण्यात आलं. भाऊराव डगमगले नाहीत, लोकांकडे गेले, लोकांनी दिलं. पण ‘बरं झालं, आता आम्ही खरे स्वावलंबी झालो’ असं काही ते म्हणाले नाहीत. गाडगेबाबांनी शब्द टाकला आणि अनुदान पुढे सुरू झालं. विद्यार्थ्यानं स्वावलंबी व्हावं यासाठी संस्था भक्कम हवी आणि संस्थेमागे समाज आणि सरकार हवं, असा तो हिशोब होता. आज आपण नेमकं उलट करतो. सरकारला हात आखडता घ्यायचा असला की विद्यार्थ्याला स्वावलंबनाचा उपदेश करतो. स्वावलंबन हे शिक्षणातून यायचं फळ आहे. आपण ते प्रवेशाची अट म्हणून लावतोय.

आता साताऱ्याहून आपल्या वेंगुर्ल्यात येऊ. इथला गरीब विद्यार्थी कमावतो का? कमावतोच. पण कुठे?

मुली काजूच्या कारखान्यात जातात. गर सोलायचा, निवडायचा, किलोवर मजुरी. मुलगे कुणी बंदरावर, कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी मेडिकलच्या दुकानात, आणि बरेच जण गोव्यात. हॉटेलात, दुकानात, आता मोपाचा विमानतळ २०२३ पासून सुरू झालाय त्याच्या आसपास. पहाटे दुचाकीवर निघायचं, रात्री परत. नाव मात्र इथल्या कॉलेजच्या पटावर.

आता कॅलेंडर बघा. कॉलेज सुरू होतं जूनमध्ये. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, म्हणून खलाशाचा मुलगा हे दोन महिने वर्गात दिसतो, पहिल्या बाकावर बसतो, प्रश्न विचारतो. एक ऑगस्टला होड्या बाहेर पडल्या की तो गायब. आपण स्टाफरूममध्ये म्हणतो, ‘सुरुवातीला बरा होता, मग बिघडला.’ तो बिघडला नव्हता हो, समुद्र खुला झाला होता! तीच गत उन्हाळ्यात. फेब्रुवारीपासून काजू, मार्चपासून आंबा. बी वेचायची, आंबे उतरवायचे, पेट्या भरायच्या. वर्षातली सगळ्यात मोठी मजुरी याच तीन महिन्यांत मिळते. आणि विद्यापीठाची परीक्षा? तीही याच दिवसांत. आमचं विद्यापीठ पाचशेच्या आसपास किलोमीटरवर मुंबईत. त्याचं वेळापत्रक करणाऱ्याला आंबा पेटीतून आलेला माहीत. तो झाडावरून कधी उतरतो याच्याशी त्याचा संबंध येत नाही.

मंडळी, आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या लाजेची आहे. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण दोष माझा होता.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तर्कशास्त्रात इतकी तल्लख की फळ्यावर मी चूक केली तर तीच दाखवायची. दुसऱ्या सत्रात ती दिसेनाशी झाली. एकदा व्हरांड्यात भेटली तेव्हा मी रागानंच विचारलं, तास का बुडवतेस? म्हणाली, ‘सर, पाळी चुकली तर पैसे कापतत. तास चुकलो तर तुम्ही कायतरी करशात.’ कारखान्यातल्या पाळीबद्दल बोलत होती. आई आजारी होती, घरात मिळवणारी तीच.

वर्षअखेर हजेरीची यादी आली. नियम पंच्याहत्तर टक्क्यांचा. तिची चाळीसही भरत नव्हती. यादीवर माझी सही हवी होती. मी केली. नियम सगळ्यांना सारखा, असं मी स्वतःला समजावलं. कान्ट शिकवणारा माणूस मी, नियमाला अपवाद करायचा नाही हे मला फार उदात्त वाटलं होतं. ती परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी तिचं नाव पटावर नव्हतं.

तिची फी माफ होती, हे लक्षात घ्या. सवलतीचा अर्ज मीच भरून दिला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. फी हा तिचा प्रश्नच नव्हता. तिच्याकडे वेळ नव्हता. आणि ‘तुम्ही कायतरी करशात’ असा तिनं माझ्यावर टाकलेला विश्वास होता, त्याचं मी काही केलं नाही. बारा तास राबणारी आणि बारा तास मोकळी, दोघींना पंच्याहत्तर टक्क्यांची एकच फूटपट्टी लावली, म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही. हे कळायला मला निवृत्ती यावी लागली.

इंग्रजी ‘स्कूल’ हा शब्द ग्रीक ‘स्कोले’वरून आलाय. स्कोले म्हणजे सवड. ज्याला सवड आहे तो शिकतो. अ‍ॅरिस्टॉटलला यात काही गैर वाटलं नाही, कारण सवडवाल्यांची कामं करायला गुलाम होते. शिक्षण ही सवडवंतांची मिरास, ही कल्पना इतकी जुनी आहे. जॉन ड्यूईनं १९१६ च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’मध्ये तिच्यावरच बोट ठेवलं. श्रम एका वर्गाचे आणि सवड दुसऱ्या वर्गाची अशी फाळणी असेल तर लोकशाही कसली? कोलंबियात ड्यूईंचे विद्यार्थी असलेले डॉ. आंबेडकर यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना कामावर जाण्याआधी शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. साधी गोष्ट वाटते, पण वेळापत्रक हा सत्तेचा कागद असतो हे ओळखलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, त्यातही हेच शहाणपण होतं. गरिबाला शिकवायचं तर आधी त्याचं घड्याळ बघा.

आता खर्चाकडे वळतो. अनुदान कमी झालं की काय होतं? फी वाढते, एवढंच आपल्याला दिसतं. पण कपात ही वेळेतून वसूल केली जाते. २००१ पासून आपल्याकडे नव्या महाविद्यालयांना मान्यता मिळू लागली ती ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर. जुन्या अनुदानित कॉलेजांत माणूस निवृत्त झाला की जागा रिकामी राहते आणि तिथे तासिका तत्त्वावर शिक्षक येतो. तासाप्रमाणे पैसे, तेही उशिरा. तो बिचारा एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात मोटारसायकलवर पळतो, सुट्टीत कमाई शून्य, मधे एखादी शिकवणी घेतो. म्हणजे विद्यार्थी घाईत, शिक्षकही घाईत. व्हरांड्यात थांबून ‘काय गो, दिसत नाहीस ती?’ असं विचारायला कुणाला वेळ आहे? मी निदान विचारलं तरी होतं, कारण माझी नोकरी पक्की होती, पगार महिन्याला येत होता. सकाळी सातची किंवा संध्याकाळी सहाची तुकडी चालवायची तर माणसं लागतात, ग्रंथालयात एक जण जास्त वेळ बसावा लागतो, दिवे लागतात. ते परवडत नाही म्हणून सगळं अकरा ते चारमध्ये कोंबायचं आणि त्या वेळात जो येऊ शकत नाही त्याला अनियमित म्हणायचं.

कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पुन्हा तेच सांगितलं, सहा टक्के. चौपन्न वर्षांनी तोच आकडा पुन्हा ध्येय म्हणून लिहावा लागतो, यातच सगळं आलं.

नव्या धोरणावर मी सरसकट टीका करणार नाही. त्यात या विद्यार्थ्याचा विचार आहे. एका वर्षानं सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, आणि श्रेयांक बँकेत जमा. परत आलात तर तिथूनच पुढे. कल्पना चांगली. माझी हरकत एवढीच की बाहेर पडायची दारं आपोआप उघडतात, आत यायचं दार कुणीतरी धरून ठेवावं लागतं. सोडून गेलेल्या मुलाला वर्षभरानं फोन कोण करणार? हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

आणखी एक गंमत. नव्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, त्याला श्रेयांक. छान! पण तीन वर्षं गोव्याच्या हॉटेलात काम करणाऱ्या आमच्या मुलाला सांगितलं जातं की बाबा, तुला अमुक तासांचं प्रशिक्षण करावं लागेल, प्रमाणपत्र आण. म्हणजे खऱ्या कामावर रजा टाकून त्यानं कामाचा सराव करायला जायचं! (हशा.) हसू नका, यात त्याची मजुरी बुडते. त्याचंच काम धरा, त्याच्याकडून त्यावर दहा पानं नीट लिहून घ्या, मालकाशी बोला, चार प्रश्न विचारा. तिथे हिशोब कसा ठेवतात, पाहुण्याशी कसं बोलतात, कुणाला किती पगार आणि का? यातून अर्थशास्त्रही शिकवता येईल आणि नीतिशास्त्रही.

थोडं बाहेरच्या जगाकडे पाहू. अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची चीज आहे. घराजवळचं, स्वस्त, दोन वर्षांचं कॉलेज, काम करणाऱ्यांसाठी. पहिलं १९०१ साली जोलिएट इथे निघालं असं मानतात, पण हा शब्द रूढ झाला तो ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालामुळे, १९४७ साली. साताऱ्याचं शिवाजी कॉलेजही १९४७ चंच! दोन टोकांना एकाच वर्षी एकच विचार. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. पण तिचा भर कौशल्याच्या अभ्यासक्रमांवर राहिला. शिकणाऱ्याच्या दिवसाचा विचार फारसा झाला नाही.

तिकडेही मुलं गळतात, बरं का. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानं २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक प्रयोग सुरू केला, ‘एसॅप’ नावाचा. विद्यार्थ्यानं पूर्णवेळ नाव नोंदवायचं, त्या बदल्यात राहिलेली फी माफ, पुस्तकं, प्रवासाचा पास, सोयीच्या वेळी तास आणि नियमित भेटणारा एक सल्लागार, ज्याच्याकडे विद्यार्थी मोजकेच. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून त्याची तपासणी झाली. तीन वर्षांत पदवी घेणारे नेहमीच्या गटात शंभरात बावीस, या गटात चाळीस. दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्त आला, पण दर पदवीधरामागे कमी. म्हणजे कंजूषपणा शेवटी महागच पडतो. या यादीत फी फक्त एक आहे. बाकी बस, पुस्तक, घड्याळ आणि माणूस.

आता आक्षेप. पहिला: ‘मुक्त विद्यापीठ आहे की!’ आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्यानं लाखोंना पदवी दिली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण गरिबानं एकट्यानं घरी शिकायचं आणि सवडवंतानं मित्रांबरोबर वर्गात, ही वाटणी मला मान्य नाही. त्या मुलीला माझी चूक फळ्यावर दाखवायला वर्ग हवा होता.

दुसरा आक्षेप: ‘खांडेकरांनी नाही का केलं?’ आपल्या तालुक्याचाच दाखला. कॉलेजचं शिक्षण अर्धवट राहिलेला एक तरुण १९२० साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून आला, १९३८ पर्यंत राहिला, आणि पुढे ज्ञानपीठापर्यंत पोचला. खरं आहे. पण वि. स. खांडेकर एकच झाले. ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं आणि जे मग काहीच झाले नाहीत, त्यांची यादी कोण ठेवतो? एक तरला म्हणून पाण्यात ढकललेल्या सगळ्यांना पोहता येतं, असं अनुमान तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही मान्य करणार नाही.

तिसरा आक्षेप जड आहे: ‘हजेरी सैल केली तर दर्जा जाईल.’ ही भीती खरी आहे. काम न करणारेही कामाचं निमित्त सांगतील. म्हणून मी हजेरी नको म्हणत नाही. हजेरी देता येईल अशी वेळ द्या, म्हणतो. दर्जा परीक्षेत आणि लिहून घेण्यात कडक ठेवा, दारात नको.

मग आपण इथे काय करायचं? सरकारकडे मागायचंच. रिकाम्या जागा भरा, शिष्यवृत्ती वर्ष संपायच्या आत द्या, परीक्षेच्या तारखा ठरवताना कोकणाचा हंगाम बघा. पण मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. निम्मे तास सकाळी साडेसात ते दहा ठेवता येतील का, याची विचारणा प्रत्येक कॉलेजनं जूनमध्ये विद्यार्थ्यांकडे करावी. प्रवेशाच्या अर्जावर जात, उत्पन्न सगळं विचारतो, ‘तू कुठे काम करतोस आणि किती वाजता सुटतोस’ हा रकाना नाही. तो घाला, त्याला खर्च नाही. एसटीच्या पासावर विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत आहे, पण गाडीच वेळेवर नसेल तर पास घेऊन काय करणार? आगारप्रमुखांना वेळापत्रक घेऊन भेटा. काजूचे कारखानदार, हॉटेलवाले आपल्यातलेच आहेत. परीक्षेच्या महिन्यात पाळी बदलून द्यायला त्यांना सांगता येतं, नीट सांगितलं तर ते ऐकतात. आणि आम्ही निवृत्त लोक, सकाळी बंदरावर फिरायला जाऊन राजकारणावर बोलतो. संध्याकाळी दोन तास वाचनालयात बसून कुणाला बुडालेला तास समजावून दिला तर आमचीही पेन्शन सार्थकी लागेल.

हे सगळं करून सरकारची जबाबदारी सुटत नाही, हे मात्र पुन्हा सांगतो. नाहीतर उद्या माझंच भाषण दाखवून म्हणतील, बघा, सर म्हणाले लोकच करतील.

ती मुलगी आज चाळिशीच्या पुढे असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. तिच्या मुलांपैकी कुणी आज कॉलेजात असेल तर त्याची फी कदाचित माफ असेल. त्याचा वेळ कुणी राखला आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

पावणेसात झाले. शेवटच्या गाडीवाल्यांनी आता निघावं. प्रश्न असतील तर लिहून ठेवून जा, उत्तरं मी लिहून देईन.